अकरा रजिस्टरं आणि एक साधी वही

दिवाळी सरली की नातेपुत्याच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीडकडचे कोयते कोप्या घालतात, टायरगाड्यांची ये-जा सुरू होते, आणि जवळच्या अंगणवाड्यांच्या दारात काही अनोळखी मुलं येऊन उभी राहतात. त्यातलंच एक चार वर्षांचं पोर या लेखाचं निमित्त आहे.

नातेपुत्याजवळच्या एका वस्तीवरच्या अंगणवाडीत मी एका हंगामात अधूनमधून जाऊन बसत असे. हे पोर रोज यायचं, पण आत येत नसे. उंबऱ्यावर बसायचं. खाऊ घ्यायचं, गाणी चालू असताना मात्र पाठ फिरवायचं. ताईंनी चाळीस पानी वही घातली होती. त्यात पहिल्या दिवशी एकच शब्द होता : ‘हट्टी’. तीन दिवसांनी त्यांनी तो खोडला आणि खाली लिहिलं, ‘बसतो दारात. बघतो रस्त्याकडे. गाडी आली की उठतो, गेली की बसतो.’

मला ती वही दाखवताना ताई म्हणाल्या, “हट्टी लिहिलं तवा मी त्याच्याकडं बघितलंच नव्हतं, सर.”

‘हट्टी’ हा निवाडा होता, ‘गाडी आली की उठतो’ ही नोंद आहे. निवाड्यापाशी विचार थांबतो, नोंदीपासून तो सुरू होतो. पोर आईबापाची गाडी शोधत होतं. आत बसलं तर रस्ता दिसत नव्हता. ताईंनी सतरंजी दाराजवळ ओढली आणि गाणी तिथंच घ्यायला लागल्या. पोर लगेच गाऊ लागलं, असं काही झालं नाही. आठवडाभराने ते सतरंजीच्या कडेला बसलं, तोंड मात्र रस्त्याकडेच. एवढंच झालं, पण या वयाच्या कामात एवढं म्हणजे पुष्कळ असतं.

आपण केलेल्या कामाकडे असं मागे वळून पाहण्याला शिक्षणशास्त्रात मोठा इतिहास आहे. अमेरिकन विचारवंत जॉन ड्यूई यांनी 1910 साली ‘हाऊ वी थिंक’ या पुस्तकात विचारपूर्वक विचार करणं म्हणजे काय, याची मांडणी केली. त्यांच्या मते असा विचार अडचणीतून, गोंधळातून सुरू होतो. 1983 मध्ये डोनाल्ड शॉन यांनी ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ लिहिलं. काम चालू असतानाचा विचार आणि काम झाल्यानंतरचा विचार असे दोन भाग त्यांनी पाडले. सतरंजी ओढण्याआधीची घुटमळ पहिल्या प्रकारची, तर दुपारी वहीत लिहिणं दुसऱ्या.

याला मराठीत काय म्हणावं? ‘आत्मपरीक्षण’ म्हटलं की अपराध केल्यासारखं वाटतं. ‘चिंतन’ म्हटलं की प्रवचनाचा वास येतो. मला ‘कामाचा मागोवा’ हा शब्द बरा वाटतो. त्यात चार साधे प्रश्न येतात. काय घडलं? मी काय केलं? मला तसं का वाटलं? उद्या काय करून बघू? यातला तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, कारण तो मुलाबद्दल नसून आपल्याबद्दल असतो.

पण आपल्याकडे ही गोष्ट परदेशातून आली असं मानायचं कारण नाही. ताराबाई मोडक गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम करून आल्या होत्या. त्यांनी 1945 साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा ‘पालकांना कळत नाही’ असा निवाडा देणं सोपं होतं. या दोघींनी तो न देता बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. माँटेसरीची महागडी साधनं परवडेनात, तर शंख-शिंपले, बिया, खडे, पानं ही साधनं झाली. ‘मुलं का येत नाहीत’ हा प्रश्न बदलून ‘आपण कुठं बसलो आहोत’ असा झाला, आणि वाट सापडली. दाराजवळ ओढलेली सतरंजी मला त्याच घराण्यातली वाटते.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात 33 प्रकल्पांत सुरू झाली. अंगणवाडी हा शब्द घरोघरी गेला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, आरोग्य व आहार शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा एका सेविकेच्या आणि एका मदतनिसाच्या हाती आल्या, तेही मानधनावर. नंतर नोंदींसाठी अकरा रजिस्टरं ठरली, पुढे मोबाइलमधलं पोषण ट्रॅकर आलं. वजन, उंची, हजेरी, आहार हे सगळं मोजायलाच हवं. कुपोषित मूल आकड्यांतूनच आधी लक्षात येतं. पण ही सगळी नोंद वर जाते. तिच्यात उंबऱ्यावरचं पोर ‘हजर’ एवढंच असतं.

म्हणून उपाय काय, तर बारावं रजिस्टर? इथंच घोटाळा होतो. मागोव्याची वही तपासणीला गेली की ताई साहेबांना आवडेल ते लिहिणार. ‘आज मी चुकले’ हे वाक्य तिच्यात कधी येणार नाही, आणि ते वाक्य नसेल तर वहीला अर्थ नाही. वही ताईंचीच राहिली पाहिजे. तिच्यातलं काय सांगायचं हे त्यांनी ठरवावं. मासिक बैठकीत अर्धा तास आकडे बाजूला ठेवून एकीने एका मुलाची गोष्ट सांगावी आणि बाकीच्यांनी सल्ला देण्याआधी प्रश्न विचारावेत, एवढं पुरे. मदतनीसही त्यात हवी. मूल तिच्या हातचं खातं, त्यामुळे तिला पुष्कळदा जास्त दिसतं.

दुसरा धोकाही सांगितला पाहिजे. गळकं छत, नळ नसलेलं स्वच्छतागृह, थकलेलं मानधन यांचा मागोवा घेऊन ताई काय करणार? आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे वही वेगळं करून दाखवते. जे हातात नाही, ते बैठकीत ठणकावून सांगायला ती बळ देते. पण व्यवस्थेची चूक सेविकेच्या मनावर टाकण्याचं साधन तिला होऊ देता कामा नये. आणि लिहिण्याची दहा मिनिटं कामाच्या वेळेतच मिळायला हवीत, रात्री घरच्या भाकऱ्या थापून झाल्यावर नव्हे.

मार्चअखेर कारखान्याचा पट्टा पडला. कोप्या मोडल्या. निघायच्या आदल्या दिवशी ताईंनी वहीतलं एक पान फाडलं आणि पोराच्या आईच्या हातात दिलं. “गावाकडच्या ताईला दावा,” म्हणाल्या. मी ते वाचलं होतं. त्यात वजन-उंची नव्हती. ‘याला दाराजवळ बसवा. रस्ता दिसला की शांत राहतो. चिमणीचं गाणं आवडतं, पण म्हणत नाही, फक्त ओठ हलवतो.’

ते पान पोहोचलं की नाही, कळलं नाही. यंदाच्या टोळ्या आता येतीलच.