लहान मुलाचा दिनक्रम : घरी आणि गावात

गावातील कोणत्याही कष्टकरी घराचा दिवस ठरीव वेळांनी बांधलेला असतो. पहाटेचे पाणी, गुरांचे वैरणपाणी, दूध केंद्रावर पोचविण्याची घाई, एस.टी.ची वेळ, शाळेची घंटा आणि शेतावर हजर होण्याची वेळ या सर्वांची नोंद घरातील प्रत्येकाच्या मनात असते. या वेळापत्रकात दीड-दोन वर्षांच्या मुलाला मात्र बहुधा स्थान नसते. ज्याला सवड असेल तो त्याला भरवितो, जेथे डोळा लागेल तेथे ते झोपते आणि घरातील दिवा मालवेपर्यंत जागे राहते. तिन्हीसांजेला ते किरकिर करू लागले म्हणजे त्याच्यावर हट्टीपणाचा शिक्का बसतो. वस्तुतः पुष्कळदा ते भुकेलेले तरी असते किंवा झोपेला आलेले तरी असते. एक ते तीन वर्षे वयाच्या मुलाला घरी नियमित दिनक्रम लावणे म्हणूनच अगत्याचे आहे. यासाठी पैसा लागत नाही. परंतु कोणीतरी सतत जवळ असावे लागते. खरी अडचण तेथेच आहे.

घड्याळापेक्षा क्रम महत्त्वाचा

दिनक्रम म्हटले की मिनिटा-मिनिटाचे वेळापत्रक डोळ्यांसमोर येते. लहान मुलाला घड्याळ कळत नाही. कशानंतर काय येते, एवढे मात्र त्याला फार लवकर उमगते. हात धुतले की ताट येते, जेवण झाले की गोधडी अंथरली जाते, आजीने देवापाशी दिवा लावला की थोड्या वेळाने रात्रीचे जेवण मिळते, हा क्रम रोज तोच राहिला म्हणजे पुढे काय होणार हे मुलाला आधीच ठाऊक असते. ज्याला पुढचे ठाऊक आहे ते मूल कमी घाबरते, कमी रडते आणि पुढच्या कामासाठी आपण होऊन तयार होते. भाषेचाही यात लाभ होतो. ‘आता आंघोळ’, ‘मग जेवण’ हे शब्द रोज त्याच वेळी कानांवर पडल्याने ते कृतीशी जोडले जातात.

शरीराची गरजही अशीच आहे. अंधार पडू लागला म्हणजे झोप आणणारे संप्रेरक शरीरात स्रवू लागते. प्रखर उजेडात ते रोखले जाते. गाढ झोपेत वाढीचे संप्रेरक अधिक प्रमाणात मिळते. झोपेची वेळ रोज बदलत राहिली तर मुलाची झोप अपुरी राहते आणि दुसऱ्या दिवशी भूक व स्वभाव या दोहोंवर तिचा परिणाम दिसतो.

झोप, आहार आणि खेळ

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांनुसार एक व दोन वर्षे वयाच्या मुलांना दिवसाची डुलकी धरून चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप आवश्यक आहे. तीन व चार वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण १० ते १३ तास आहे. दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे तरी मुलाने हालचाल करावी, धावावे, चढावे, खेळावे. एक वर्षाच्या मुलाला दूरदर्शन वा भ्रमणध्वनीचा पडदा दाखवूच नये आणि दोन वर्षांनंतरही तो एक तासापेक्षा अधिक नसावा.

आहाराच्या बाबतीत मुलाचे पोट लहान आणि गरज मोठी, हे सूत्र ध्यानात ठेवावे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण व एक-दोन वेळा मधले खाणे लागते. स्तनपान दोन वर्षे व त्यापुढेही चालू ठेवता येते. वरणात वा दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ भात, नाचणीची पेज, शिजवून कुस्करलेली पालेभाजी, अंडे, केळे हे पदार्थ बहुतेक घरांत उपलब्ध होऊ शकतात. चहा आणि बिस्कीट ही मात्र न्याहारी नव्हे. चहामुळे अन्नातील लोह अंगी लागण्यास अडथळा होतो आणि बिस्किटाने भूक मरते. दिवसभर हातात काहीतरी खाऊ देत राहिल्यास जेवणाच्या वेळी मूल तोंड फिरविते. ठरीव अंतराने खाणे दिल्यास भूक आपोआप त्या वेळी लागते.

एका दिवसाची रूपरेषा

उदाहरणादाखल, आई सकाळी आठ वाजता शेतावर जाते आणि आजी घरी असते, अशा कुटुंबातील दोन वर्षांच्या मुलाचा दिवस पाहू. उठल्यावर तोंड धुणे, शी-शूला बसविणे आणि आईजवळ थोडा वेळ. त्यानंतर आईच्याच हातून न्याहारी. आई निघताना मुलाची नजर चुकवून जाऊ नये. ‘संध्याकाळी येते’ असे सांगून, रोज त्याच शब्दांत निरोप घेऊन निघावे. प्रारंभी मूल रडेल, परंतु आई जाते तशी परतही येते, हा विश्वास त्यातूनच बसतो. नंतर अंगणात खेळ, आंघोळ, मधले खाणे, दुपारचे जेवण आणि झोप. दीड वर्षाच्या सुमारास बहुतेक मुलांच्या दिवसातील दोन डुलक्यांची एक होते. ती दुपारच्या जेवणानंतर ठेवावी आणि फार लांबू देऊ नये.

तिसऱ्या प्रहरी पुन्हा काही खाणे व मोकळ्यावर खेळ. खेळासाठी विकतची खेळणी लागत नाहीत. वाटी-चमचा, रिकामे डबे, माती, पाणी आणि सोबत बोलणारे माणूस पुरेसे असते. दिवेलागणीनंतर घरातील गडबड कमी करावी, मुलाला लवकर जेवू घालावे, हातपाय धुवावेत आणि मंद उजेडात गोष्ट वा अंगाई म्हणून झोपवावे. भरविताना व झोपविताना हाती भ्रमणध्वनी देण्याची सवय लागली की ती सुटणे कठीण जाते. म्हणून ती न लावणेच श्रेयस्कर.

आजारपण, लग्नकार्य, जत्रा यांमुळे क्रम मोडणारच. त्याची खंत करू नये; घरी परतल्यावर पूर्वीचा क्रम पुन्हा धरावा. मूल जेवत नसल्यास धाकदपटशा करू नये. काय द्यावे आणि केव्हा द्यावे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खावे हे मुलाला ठरवू द्यावे. वाढ खुंटल्याचे अंगणवाडीतील वजनाच्या नोंदीवरून दिसले, तर आरोग्य सेविकेचा सल्ला अवश्य घ्यावा.

हा क्रम सांभाळणार कोण?

ज्या घरात आजी नाही, तेथे हे काम आठ-दहा वर्षांच्या थोरल्या बहिणीवर पडते. धाकट्याला भरविणे, झोपविणे, कडेवर घेऊन हिंडणे यांत तिची शाळा बुडते. ऊसतोडीसाठी घर सोडणाऱ्या कुटुंबांत तर ही अडचण अधिकच तीव्र होते, कारण तेथे कामाची वेळ पहाटेची असते आणि घर फडाजवळच्या कोपीत असते. एका मुलाचा दिनक्रम दुसऱ्या मुलीच्या शिक्षणाच्या मोलाने लावला जाणे हे कोणत्याही गावाला परवडणारे नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाड येथे नेले. आदिवासी पाड्यांवर मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणाऱ्या त्यांच्या ‘विकासवाडी’मुळे थोरल्या बहिणीला धाकट्या भावंडासह शाळेत येता आले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला.

अंगणवाडीत पूर्वशालेय शिक्षण मिळते ते तीन वर्षांपुढील मुलांना. तीन वर्षांखालील मुलांना घरी नेण्यासाठी आहार दिला जातो. परंतु त्यांचा दिवस घरातच जातो. ही उणीव लक्षात घेऊन केंद्र शासनाने २०२२ साली ‘मिशन शक्ती’खाली पाळणा योजना आणली व सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी अंगणवाडीला पाळणाघराची जोड देण्याची सोय केली. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यातही, कामावर येणाऱ्या स्त्रियांसोबत सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांच्यापैकी एका स्त्रीला मुले सांभाळण्यासाठी नेमून तिला मजुरी देण्याची तरतूद करण्यात आली होती.

पंचायत आणि शाळा यांचे कार्य

या कामी ग्रामपंचायतीला पुष्कळ करता येईल. गावात तीन वर्षांखालील मुले किती, त्यांपैकी किती जणांच्या माता दिवसभर बाहेर असतात आणि त्या वेळी मूल कोणाच्या हाती असते, याची साधी यादी अंगणवाडी सेविकेच्या मदतीने तयार करता येते. ती ग्रामसभेपुढे आली म्हणजे पाळणाघराची मागणी कोठे व किती मुलांसाठी करावयाची, हे स्पष्ट होईल. शिक्षकांनी वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलींच्या घरी लहान भावंड आहे काय, याची चौकशी करावी. पाणी सोडण्याची वेळ ठरवितानाही घरी लहान मूल असलेल्या मातांची सोय पाहता येईल. भल्या पहाटेच्या पाण्याने आईची आणि तिच्याबरोबर मुलाचीही झोप मोडते.

मुलाचा दिनक्रम आई लावते असे म्हटले जाते. प्रत्यक्षात आईचा दिवस ज्या वेळांनी बांधलेला असतो, त्यांतील अनेक वेळा गाव ठरविते. त्या ठरविताना घरातील सर्वांत लहान माणसाचाही विचार व्हावा, इतकीच अपेक्षा आहे. तो झाला, तर धाकट्याला वेळेवर घास मिळेल आणि थोरलीला वेळेवर शाळा गाठता येईल.