रक्तदाब वाढलाय? मग डोळेही तपासून घ्या

चाळिशी उलटली आणि धूसर दिसू लागले, की ‘चष्म्याचा नंबर वाढला असेल’ असे म्हणून आपण चष्म्याच्या दुकानाकडे वळतो. पण दोष दर वेळी नंबरचाच असतो असे नाही. त्यामागे वाढलेला रक्तदाबही असू शकतो आणि तो नव्या काचांनी उतरत नाही.

डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या कोठेही चिरफाड न करता प्रत्यक्ष पाहता येतात. १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने त्यासाठी उपकरण जगापुढे आणले. तेव्हापासून डॉक्टर डोळ्यात डोकावून शरीरातील इतर रक्तवाहिन्यांच्या अवस्थेचाही अंदाज बांधत आले आहेत.

पडद्यावर काय घडते?

रक्तदाब सतत १४०/९० च्या वर राहिला, की पडद्याच्या नाजूक धमन्या आकसतात, त्यांच्या भिंती जाड होतात. ताठरलेली धमनी शिरेला ओलांडते तेथे शिरेवर दाब पडतो. पुढे वाहिन्यांतून रक्त व द्रव झिरपतो आणि रक्त न पोहोचलेल्या जागी कापसासारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. दाब फारच वाढल्यास डोळ्याच्या नसेलाही सूज येते.

दुर्दैव असे, की सुरुवातीला यातले काहीच जाणवत नाही. डोळा दुखत नाही, नजरही चांगली असते. एखादे दिवशी शीर अचानक तुंबते आणि एका डोळ्याने एकदम अंधूक दिसू लागते. धमनीच बंद पडली, तर दृष्टी वाचवण्यासाठी हाताशी काही तासच असतात.

मधुमेहही असेल तर?

मग धोका दुप्पट समजा. ब्रिटनमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, मधुमेहींचा रक्तदाब काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यावर पडद्याचा बिघाड वाढण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले.

हे लक्षात ठेवा

* रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास नजर चांगली असली तरी वर्षातून एकदा नेत्रतज्ज्ञाकडून पडदा तपासून घ्या. बाहुली मोठी करण्याच्या थेंबांमुळे काही तास अंधूक दिसते. म्हणून सोबत कोणाला तरी न्या, स्कूटर चालवू नका.

* ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका. बरे वाटते ते गोळ्यांमुळेच.

* दिवसभरात मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका चहाच्या चमच्यापेक्षा कमी असावे. लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठही त्यातच मोजा. तंबाखू व सिगारेट सोडा.

* गरोदरपणी डोळ्यांपुढे काजवे चमकले, अंधूक दिसले किंवा डोके खूप दुखले, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या.

* अचानक दिसेनासे झाले, किंवा रक्तदाब १८०/१२० च्या वर जाऊन दृष्टी धूसर झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. घरीच जादा गोळी घेऊ नका. दाब एकदम उतरल्यास डोळ्याचा व मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो.

रक्तदाबाने बिघडलेल्या पडद्यावर डोळ्यांत घालायचे थेंब हा उपाय नाही. मुख्य उपचार म्हणजे रक्तदाब आटोक्यात ठेवणे. तो वेळीच झाला, तर सूज आणि ठिपके बऱ्याचदा ओसरतात. मात्र पडद्याचा जो भाग रक्ताअभावी निकामी झाला, तो पुन्हा कामाला येत नाही. म्हणूनच घरातल्या वडीलधाऱ्यांना पुढच्या वेळी डॉक्टरांकडे नेताना ‘डोळ्यांचा पडदाही पाहायला हवा का?’ एवढे जरूर विचारा.