कोठी सांभाळणारी माणसे

लग्नघरात एक माणूस असा असतो की ज्याला फारसे कोणी पाहत नाही, परंतु ज्याच्यावाचून सर्वांचे अडते. तो कोठीवर बसलेला असतो. तांदळाची पोती किती उघडली, तुपाचा डबा कोणाच्या हाती गेला, आहेराची लुगडी कोणत्या ट्रंकेत आहेत, विड्यांचे सामान पुरेल की नाही, हा सारा हिशेब त्याच्याजवळ असतो. कोठी नीट चालली म्हणजे वधूपिता मांडवाच्या दाराशी उभा राहून व्याह्यांचे स्वागत करू शकतो, रुसलेल्या पाहुण्याची समजूत घालू शकतो आणि मुहूर्त साधू शकतो. कोठीवर माणूस नसेल, तर तोच वधूपिता किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून सकाळपासून साखर मोजत बसतो आणि व्याही दारात तिष्ठत राहतात. त्याने कष्ट केले नाहीत असे कोणी म्हणणार नाही. पण जे काम त्याच्यावाचून दुसऱ्या कोणालाही करता येण्यासारखे नव्हते, तेवढेच नेमके राहून जाते.

श्रोतेहो, आजचा विषय याच जातीचा आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव या गावांतील मराठी घरांतील अनेक मुले-मुली आज संगणकाच्या व्यवसायात आहेत आणि त्यांतील काहींच्या हुद्द्याचे नाव 'प्रॉडक्ट मॅनेजर' असे असते. घरच्या वडीलमाणसांना हा हुद्दा नीटसा उमगत नाही. मुलगी संगणकाचा प्रोग्रॅम स्वतः लिहीत नाही, माल विकत नाही, पुष्कळदा तिच्या हाताखाली कोणी नसते. मग ती रात्री दहापर्यंत करते तरी काय? 'उत्पादन-व्यवस्थापक' असे भाषांतर करावे, तर कारखान्यात पाळ्या लावणारा अधिकारी डोळ्यांपुढे येतो. तो हा नव्हे. म्हणून मी इंग्रजी नावच कायम ठेवतो. एखादी वस्तू किंवा सेवा कोणासाठी करावयाची, तिच्यात काय असावे आणि काय नसावे, पुढील वर्षी तिला कोणत्या दिशेने न्यावयाचे, हे ठरविण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते तो प्रॉडक्ट मॅनेजर. ती वस्तू साबणाची वडी असेल, किंवा मोबाइलवरून पैसे पाठविण्याची सोय असेल. काम तत्त्वतः एकच.

साबणाचे उदाहरण मी सहज घेतलेले नाही. या हुद्द्याचा जन्मच साबणाच्या व्यापारात झाला. अमेरिकेतील सिनसिनाटी येथे प्रॉक्टर अँड गॅम्बल ही १८३७ साली स्थापन झालेली कंपनी आहे. तिच्या 'आयव्हरी' साबणाचा बाजारात मोठा दबदबा होता. पुढे तिनेच 'कॅमे' नावाचा दुसरा साबण काढला. कॅमेच्या जाहिरातीचे काम नील मॅकेलरॉय या तरुण अधिकाऱ्याकडे होते. आपल्या साबणाला बाहेरच्या प्रतिस्पर्ध्यांशी तर झुंजावे लागतेच, पण घरातल्याच थोरल्या भावाच्या सावलीतही वाढावे लागते, हे त्याच्या ध्यानात आले. १३ मे १९३१ रोजी त्याने वरिष्ठांना तीन पानी टिपण लिहिले. मागणी साधी होती : आणखी माणसे द्यावीत. प्रत्येक साबणाला त्याचा स्वतंत्र जबाबदार माणूस असावा, त्याने आपल्या मालाचा खप मुलुखवार पाहावा, जेथे खप कमी तेथे स्वतः जाऊन दुकानदारांशी व गिऱ्हाइकांशी बोलावे, दुखणे शोधावे आणि उपाय आखावा, असे त्याने मांडले. हाच मॅकेलरॉय पुढे कंपनीचा अध्यक्ष झाला आणि १९५७ ते १९५९ या काळात अमेरिकेचा संरक्षणमंत्रीही झाला.

या टिपणातील दोन गोष्टींकडे सहसा लक्ष जात नाही. पहिली ही की, विभागीय व्यवस्थापकांच्या खांद्यांवरील प्रत्येक मालाचे ओझे उतरावे, हा या नव्या हुद्द्याचा एक उघड हेतू होता. म्हणजे आज ज्याला साहाय्यक हवा असे आपण म्हणतो, तो प्रॉडक्ट मॅनेजर मुळात स्वतःच दुसऱ्याचा भार हलका करण्यासाठी निर्माण झाला. दुसरी गोष्ट अशी की, मॅकेलरॉयने त्याला एकटे सोडले नव्हते. कचेरीतील कामे पार पाडण्यासाठी एक साहाय्यक आणि बाजारात फिरून तपासणी करणारी माणसे त्याच्या जोडीला कल्पिलेली होती. मुख्य माणसाने फिरतीवर जावे म्हणून मागे कोणीतरी मेज सांभाळावे, अशी ती योजना होती. कोठीची व्यवस्था आरंभापासूनच होती.

पुढे हा हुद्दा संगणकाच्या व्यवसायात शिरला आणि मुख्य माणूस आला, पण कोठीवरचा मात्र पुष्कळ ठिकाणी आलाच नाही. आरंभी ते खपून गेले. पाचपंचवीस माणसांच्या कंपनीत ग्राहक मोजके, आकडे थोडे, आणि सर्व मंडळी एका खोलीत. तेथे निराळा कारभारी नेमणे हा थाट ठरला असता. परंतु कंपनी वाढली, प्रॉडक्ट मॅनेजर दोनाचे चाळीस झाले, की चित्र पालटते. मग प्रत्येक जण सकाळी चार ठिकाणांहून आकडे गोळा करतो. प्रत्येक जण तक्रारी वाचून त्यांचे आपापल्या परीने गट पाडतो. नवी सोय कोणत्या दिवशी सुरू होणार हे विक्रीखात्याला, तक्रारखात्याला, कायद्याच्या सल्लागारांना वेगवेगळे कळवितो. एकच काम चाळीस जण चाळीस पद्धतींनी करतात, आणि विचार करण्याचे काम रात्री जेवणानंतरवर ढकलले जाते.

यावर उपाय म्हणून गेल्या काही वर्षांत 'प्रॉडक्ट ऑपरेशन्स' या नावाचे खाते अनेक कंपन्यांत उभे राहिले. मेलिसा पेरी आणि डेनीज टिलेस यांनी २०२३ साली या विषयावर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथच लिहिला आणि त्यात या कामाच्या तीन शाखा सांगितल्या : धंद्याचे आकडे, ग्राहकांची व बाजाराची माहिती, आणि कामाची रीत. या तीन शाखांत प्रत्यक्षात काय चालते, ते थोडक्यात पाहू.

पहिली शाखा आकड्यांची. आकडे गोळा करणे हे तिचे अर्धे काम. त्यांचा अर्थ एक ठेवणे हे उरलेले अर्धे. 'चालू ग्राहक' म्हणजे कोण? एक जण दिवसातून एकदा ॲप उघडणाऱ्याला चालू समजतो, दुसरा महिन्यातून एकदा उघडणाऱ्याला. दोघेही खरे बोलतात, आणि बैठकीत तासभर भांडतात. शब्दांचे अर्थ एकदा ठरवून, ते लिहून ठेवून, सर्वांना एकाच तक्त्यावर आणणारा माणूस असला, म्हणजे हा तास वाचतो.

दुसरी शाखा ग्राहकांच्या बोलण्याची. तक्रारी, विक्रेत्यांचे अनुभव, मुलाखती हे सर्व एका ठिकाणी आणून लावावे लागते. मुलाखतीसाठी योग्य माणसे शोधणे, त्यांची संमती घेणे, वेळ ठरविणे, आणि झालेली मुलाखत पुढे दोन वर्षांनी दुसऱ्याला सापडेल अशी जपून ठेवणे, हे काम किचकट आहे आणि त्याला शिस्त लागते. तिसरी शाखा रीतीची. योजनांचे वेळापत्रक, नवी सोय बाहेर पडण्याआधी कोणाला केव्हा कळवायचे याची यादी, एकाच ग्राहकावर दोघांनी एकाच वेळी प्रयोग करू नयेत म्हणून ठेवलेली प्रयोगांची नोंदवही, अशा गोष्टी तिच्यात येतात.

येथवर सर्व ठीक आहे. परंतु कोठीवर माणूस बसविला की प्रश्न सुटला, असे मानणे घातक ठरेल. कारण ओझे उतरविताना त्याबरोबर डोळेही काढून दिले जाण्याचा संभव असतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून मोबाइलवरून पैसे देणे आपल्या अंगवळणी पडले आहे. समजा, अशाच एका ॲपवर औषधांचे पैसे देताना एका वृद्ध बाईंच्या खात्यातून रक्कम वजा झाली, पण पडद्यावर पावती उमटली नाही. दुकानदार म्हणाला, पैसे मिळाले नाहीत. बाईंनी घाबरून पुन्हा पैसे दिले. पहिली रक्कम तीन दिवसांनी परत आली. तक्रारखात्याने ही नोंद 'पावतीस विलंब' या गटात घातली, कोठीवरच्या माणसाने तो गट तक्त्यात मांडला आणि प्रॉडक्ट मॅनेजरने पाहिले की हा गट लहान आहे व रक्कम परतही मिळालेली आहे. कोणीही चूक केली नाही. तरीही त्या बाईंनी त्या दिवसापासून ॲप उघडणे सोडून दिले आणि त्यांचे ऐकून त्यांच्या दोन मैत्रिणींनीही. ती भीती कोणत्याच तक्त्यात आली नाही, कारण भीतीसाठी तक्त्यात रकाना नव्हता. प्रॉडक्ट मॅनेजरने दहा मिनिटे बाईंशी बोलणे केले असते, तर 'आपले पैसे सुरक्षित आहेत, पुन्हा देऊ नका' एवढे एक वाक्य पडद्यावर हवे, हे त्याला कळले असते.

कॅनडातील प्राध्यापक हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच मोठ्या व्यवस्थापकांच्या दिवसाचे जवळून निरीक्षण केले आणि १९७३ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की, या लोकांची निम्मी कामे नऊ मिनिटांच्या आत आटोपत असत. त्यांच्या दिवसाचे असे तुकडे पडलेले होते. परंतु त्यांनी आणखीही एक गोष्ट टिपली : बांधीव अहवालापेक्षा या व्यवस्थापकांना ताजी, तोंडी माहिती अधिक मोलाची वाटे. म्हणजे शांत खोलीत बसवून, बाहेरचा आवाज बंद करून, हाती केवळ सारांश दिला, तर माणसाला वेळ मिळेल खरा, पण त्या वेळात विचार कशाचा करावा, हेच त्याला उमगणार नाही. या व्यवसायावर लिहिणारे मार्टी केगन हेही प्रॉडक्ट मॅनेजरने ग्राहकाला स्वतः भेटावे, मध्यस्थामार्फत नव्हे, असा आग्रह धरतात तो याचसाठी.

मराठी माणसाला तर हे इतिहासातूनच ठाऊक असावयास हवे. फडणीस हा मुळात पेशव्यांच्या फडाचा, म्हणजे हिशेबाच्या व दप्तराच्या कचेरीचा अधिकारी. पण १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा वध झाला आणि पुढे सवाई माधवरावांच्या बालपणी राज्याची सूत्रे नाना फडणीसांकडे आली. नाना समर्थ होते, आणि काळही तसाच होता. त्यांना दोष देण्याचे येथे प्रयोजन नाही. सांगावयाचे एवढेच की, सारे कागद ज्याच्या हातून जातात, त्याच्याकडे निर्णयही हळूहळू सरकत जातो. कोणी कट करावा लागत नाही. काय दाखवायचे आणि कोणत्या क्रमाने दाखवायचे, हे ठरविण्यातच अर्धा निर्णय झालेला असतो.

मग सीमारेषा कोठे आखावी? माझ्या मते ती अशी : जे काम कोणीही केले तरी उत्तर एकच येते, ते कोठीवर द्यावे; जे काम करता करता करणाऱ्याची समज वाढते, ते देऊ नये. आकड्यांची बेरीज, भेटींच्या वेळा, याद्या, नोंदवह्या द्याव्यात. ग्राहकाचे बोलणे ऐकणे, दोन चांगल्या गोष्टींतून एक नाकारणे, आणि ज्याची मागणी नाकारली त्याला तसे समक्ष सांगणे, ही कामे स्वतःकडेच ठेवावीत. मुलाखत ठरविण्याचे काम दुसऱ्याला देता येते, मुलाखत देता येत नाही. आज हजारो तक्रारींचा सारांश कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात काढून देते. त्यामुळे ही रेषा पुसट झालेली नाही, उलट अधिक ठळकपणे आखण्याची गरज निर्माण झाली आहे.

आणखी दोन पथ्ये आहेत. एक म्हणजे कोठीने आपली स्वतंत्र मागणी सुरू करू नये. भार हलका करण्यासाठी नेमलेले खाते दर सोमवारी नवा फॉर्म भरून मागू लागले, तर ओझे उतरले नाही, त्याने केवळ जागा बदलली. दुसरे, कोठीवरच्या माणसाला पुढची वाट असावी. मॅकेलरॉयच्या कंपनीत साहाय्यकाची जागा ही पुढे मुख्य जागेवर जाण्याची पायरी ठरली, आणि त्यामुळे हुशार तरुण ती आनंदाने पत्करीत. जेथे हे काम म्हणजे कायमचे पडद्यामागचे काम, तेथे चांगली माणसे टिकत नाहीत आणि कोठी पुन्हा वाऱ्यावर पडते.

तेव्हा श्रोतेहो, सुटीत घरी आलेली आपली मुलगी किंवा भाचा 'आता आमच्याकडे नवे खाते निघाले, माझे काम पुष्कळ हलके झाले' असे सांगू लागला, तर त्याचे अभिनंदन अवश्य करा. पण पान वाढताना एक प्रश्नही विचारा : गेल्या महिन्यात तू स्वतः किती ग्राहकांशी बोललास? त्याने संख्या सांगितली, तर थोडे थांबा. त्याने त्यांतील एखाद्याची गोष्ट सांगावयास सुरुवात केली, तर खुशाल समजा की कोठी योग्य माणसाकडे आहे आणि यजमान मांडवाच्या दाराशीच उभा आहे.