पाच रुपये आणि सातची गाडी

2021 सालच्या नरकचतुर्दशीची आदली संध्याकाळ. आमच्या घरी चकल्यांचा शेवटचा घाणा निघत होता, आणि तेवढ्यात दिल्लीहून वार्ता आली, की केंद्र सरकारने पेट्रोलवरील कर लिटरमागे 5 रुपयांनी आणि डिझेलवरील 10 रुपयांनी उतरवला. शेजारचे काका तोंड गोड करायला हजर झाले. काका बँकेतून निवृत्त झालेले, सरकारपक्षाचे कडवे अभिमानी. त्यांचे चिरंजीव तितकेच कडवे विरोधक. "बघा, सणासुदीला गरिबाची आठवण ठेवली!" असे वडील म्हणाले. चिरंजीव म्हणाले, "32 रुपये 90 पैसे घ्यायचे, त्यांतले पाच परत द्यायचे, आणि वर ओवाळून घ्यायचे!"

आमच्या सौभाग्यवतींनी झारा हातात धरून एवढेच विचारले, "मग आता एस. टी. सुरू होणार का?"

दोघेही गप्प झाले. मी नाशिकहून तालुक्याच्या एका गावी एस. टी.ने शिकवायला जातो. करोनाच्या दीड वर्षानंतर महाविद्यालये 20 ऑक्टोबरला कुठे उघडली होती, आणि महिना संपायच्या आत एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला होता. राज्य सरकारच्या सेवेत विलीन करून घ्या, ही त्यांची मुख्य मागणी.

पेट्रोलच्या कराचा वाद आपल्याकडे जुना आहे, आणि त्यातली गंमत अशी, की वाद तोच राहतो, माणसे बाजू बदलतात. 1973 च्या नोव्हेंबरात अरब देशांनी तेल आखडले, इंदिरा गांधींच्या सरकारने पेट्रोलचे दर भरमसाट वाढवले, तेव्हा अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. पुढे 1998 साली हेच वाजपेयी पंतप्रधान असताना रस्त्यांसाठी पेट्रोलवर लिटरमागे एक रुपयाचा जादा कर बसला. तो वाईट होता असे मी मुळीच म्हणणार नाही. त्या पैशाचे रस्ते आपण सारे वापरतो. पण रुपयाला पाय फुटले. 2021 च्या फेब्रुवारीत रस्त्यांसाठीचा तोच उपकर 18 रुपये झालेला होता. त्या 32 रुपये 90 पैशांतले राज्यांशी वाटून घ्यायचे मूळ उत्पादन शुल्क होते फक्त 1 रुपया 40 पैसे. बाकीचे अधिभार आणि उपकर, म्हणजे सगळे दिल्लीचे. राज्येही काही उपाशी बसलेली नव्हती. त्यांचा कर टक्केवारीने. भाव चढला की न बोलता तोही चढतो. पुढे मे 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या एका सरकारने पेट्रोलवरचा कर 2 रुपये 8 पैशांनी कमी केला, जुलैत दुसऱ्या सरकारने 5 रुपयांनी. दोन्ही वेळी आमच्या मजल्यावर पेढे आले, पण निरनिराळ्या हातांनी.

माझे मत विचाराल, तर पेट्रोलवर चांगला कर असावा. घरात हे कुणालाही पटत नाही. तेल बहुतेक परदेशातून आणायचे, धूर आपल्या मुलांच्या छातीत भरायचा, तेव्हा ते स्वस्त असून कसे चालेल? महाग झाले की माणूस विचार करून जाळतो, हा युक्तिवाद खोटा नाही. मात्र विचार करायला त्याच्यापुढे दुसरी वाट हवी. एस. टी.ची गाडी लिटरभर डिझेलवर साडेचार-पाच किलोमीटर जाते. पण पंचेचाळीस माणसांना घेऊन. मोटारसायकल पन्नास किलोमीटर पळते, एकाला नाहीतर दोघांना घेऊन. हिशेब शाळेतल्या पोरालाही कळेल. तरीही एस. टी.च्या डिझेलवर कर आहेच!

हे सारे मला त्या हिवाळ्यात एका विद्यार्थिनीने शिकवले. द्वितीय वर्षाची मुलगी, गाव महाविद्यालयापासून चौदा किलोमीटरवर. गावातून मुक्कामी गाडी सकाळी सातला निघे. त्या गाडीने ती आणि आणखी दोघी येत. सवलतीचा पास असल्याने महिन्याचा खर्च वडिलांना जाणवतही नसे. गाडी बंद झाली आणि तिघीही दिसेनाशा झाल्या. आठवड्याने ही एकटी वडिलांच्या मोटारसायकलवर मागे बसून आली. वडिलांचा दुधाचा धंदा. मी त्यांना चहाला बसवले, तेव्हा ते संकोचून म्हणाले, "सर, सोडायला येणं-जाणं, न्यायला येणं-जाणं, छप्पन्न किलोमीटर होतात. रोज नाही जमायचं."

छप्पन्न किलोमीटर म्हणजे लिटरभर पेट्रोल तरी हवेच. दिवाळीच्या कपातीनंतर 115 च्या घरातला भाव 110 वर आला होता. सरकारने त्यांना लिटरमागे पाच-सहा रुपये दिले, आणि गाडी थांबल्यामुळे त्यांचे दिवसाला 110 रुपये गेले. त्या 110 मधले निम्म्याच्या आसपास पुन्हा करच! सातची गाडी उभी राहिली की तिजोरीत दोन पैसे जास्तच पडतात, हे माझ्या तेव्हा प्रथम ध्यानात आले, आणि चहा घशाखाली उतरेना.

शेवटी तडजोड झाली. ती आठवड्यातून तीन दिवस येऊ लागली, आणि तिच्या वर्गाचे माझे तास मी त्या तीन दिवसांत कोंबले. दुसरी अधूनमधून तिघांत कशीबशी बसून यायची. तिसरी काही आली नाही. चौकशी केली, तर घरी विहिरीवरच्या कामाला लागली असे कळले.

एप्रिल 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कर्मचारी कामावर परतले आणि लाल गाड्या पुन्हा रस्त्यावर दिसू लागल्या. मी आनंदाने फाटकापाशी उभा राहिलो. गावाकडची गाडी आली. उतरले चार म्हातारे आणि एक कोंबडीवाला. थोड्या वेळाने ही मुलगी आली, मागे मैत्रिणीला घेऊन, जुन्या स्कूटीवर.

"अगं, गाडी सुरू झाली ना? पास नाही काढलास?"

"नाही सर," ती स्कूटी स्टँडवर लावत म्हणाली, "आबांनी जानेवारीत ही घेतली. अजून चौदा हप्ते राहिलेत. गावात बऱ्याच जणांनी घेतल्यात."