आजारी माशांचें क्वारंटिन

मुंबईस १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, आणि समुद्रांतील मासे कांचेआड पाहण्याची सोय दूरदूरच्या प्रवाशांस लाभली. असे मासे घरीं वा शाळेंत पाळूं इच्छिणाऱ्या आमच्या विद्यार्थिमित्रांनीं व त्यांच्या पालकांनीं एक गोष्ट आरंभींच जाणून घ्यावी. ती ही कीं, शोभेच्या टाकीइतकीच दुसरी एक साधी, रिकामी टाकी आवश्यक आहे.

क्वारंटिन या शब्दाचा मूळ अर्थ चाळीस दिवस. व्हेनिस बंदरांत येणाऱ्या जहाजांस रोगाच्या भयास्तव तितके दिवस अलग थांबावें लागे. माशांसही हाच न्याय लागू पडतो.

समुद्री माशांचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग क्रिप्टोकॅरियन नामक सूक्ष्म जीवापासून होतो. अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे दिसतात, मासा दगडास अंग घासतो व त्याचा श्वास जलद होतो. हा जीव तीन ते सात दिवस कातडींत राहून गळून पडतो, तळाशीं कोष करितो, आणि त्या कोषांतून निघालेलीं असंख्य पिलें पुन्हां मासा शोधूं लागतात. म्हणून ठिपके गेले म्हणजे रोग गेला, असें मानणें हा भ्रम होय.

अलग टाकी ४० ते ८० लिटरांची असावी. तींत वाळू वा प्रवाळाचे दगड घालूं नयेत, कारण ते औषध शोषून घेतात. लपण्यास प्लास्टिकच्या नळाचे तुकडे पुरेत. आमच्या सेलूपासून समुद्र फार दूर. येथें पाणी तयारच केलें पाहिजे. स्वयंपाकाचें मीठ चालत नाहीं. समुद्री क्षारांचें मिश्रण क्लोरीनरहित शुद्ध पाण्यांत दर लिटरास सुमारें ३५ ग्रॅम विरघळवावें. गाळणीचा स्पंज कांहीं आठवडे आधींच निरोगी टाकींत ठेवावा, म्हणजे विषारी अमोनियाचा नाश करणारे उपकारक जंतु त्यांत वस्ती करितात. आमच्याकडील उन्हाळ्यांत पाणी तापतें व त्यांतील प्राणवायु घटतो. यास्तव हवेचा पंप अखंड चालावा आणि उष्णता २५-२६ अंशांवर राखावी.

औषध तांब्याचें. शेतकऱ्यांच्या परिचयाच्या मोरचुदांतही तेंच असतें. परंतु अंदाजानें चिमूट टाकणें म्हणजे माशाचा घात करणें होय. मोरचुदाच्या द्रावणानें उपचार करितांना पाण्यांत तांबें दर लिटरास ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम इतकेंच असावें, आणि तें जाणत्याच्या देखरेखीखालीं रोज मोजून किमान तीन आठवडे टिकवावें. कमी पडल्यास रोग उरतो. अधिक झाल्यास मासा मरतो. बाजारी औषधांची मात्रा निराळी असते, ती बाटलीवर पाहावी. प्रवाळ व झिंगे यांस तांबें प्राणघातक असल्यामुळें तें मोठ्या टाकींत कदापि घालूं नये.

निरोगी दिसणारे मासेही अलग करून मोठी टाकी सुमारें अडीच महिने माशांविना ठेवावी, म्हणजे कोषांतून निघालेलीं पिलें उपाशीं मरतात. जाळी व बादली दोन्ही टाक्यांस स्वतंत्र असावी. नवा मासा आणल्यास त्यासही महिनाभर अलगच ठेवावें. एका नव्या पाहुण्यापायीं सारी टाकी ओस पडूं शकते.

मुक्या जीवास आपली व्यथा सांगतां येत नाहीं. ती पाळणाऱ्यानेंच ओळखावयाची असते. ज्यास दुसरी टाकी ठेवणें शक्य नसेल, त्यानें पहिलीचाही मोह आवरावा, हेंच आमचें नम्र सांगणें आहे.