इमारतीचा आरोग्यरक्षक : देखभाल तंत्रज्ञ

शाळा, रुग्णालय, वसतिगृह किंवा पंचायत समितीचे कार्यालय यांची नवी वास्तू उभी राहिली की कोनशिलेवर अनेकांची नावे कोरली जातात. पुढे वर्षानुवर्षे त्या वास्तूतील दिवे, पंखे, पाण्याचे पंप, जनित्र आणि लिफ्ट ज्याच्या दक्षतेवर चालतात, त्या देखभाल तंत्रज्ञाचे नाव मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असते. बिघाड झाल्यावर दुरुस्ती करणे हा त्याच्या कामाचा एक भाग होय. बिघाड होऊच नये म्हणून ठरावीक काळाने तपासणी करणे, हा त्याहून महत्त्वाचा.

न दिसणारे दोष

वीजजोडणीतील एखादा स्क्रू सैल झाला की त्या जागी विद्युत रोध वाढतो व उष्णता निर्माण होते. प्रवाह दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. तारेवरील आवरण प्रथम काळवंडते, मग वितळते आणि अखेरीस पेट घेते. अशा वेळी प्रवाह मर्यादेतच असू शकतो. त्यामुळे फ्यूज उडत नाही. हा दोष माणसालाच शोधून काढावा लागतो. म्हणूनच तंत्रज्ञ मुख्य स्विच बंद करून जोड आवळतो आणि मेगर यंत्राने तारांच्या आवरणाची क्षमता तपासतो.

अर्थिंगचेही तसेच आहे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की जमिनीचा रोध वाढतो. मग थंड पाण्याच्या यंत्राच्या पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत सुरळीत न जाता, त्याला हात लावणाऱ्या विद्यार्थ्याच्या शरीरातून वाट काढू शकते. ३० मिलिअँपिअर एवढी गळती होताच पुरवठा तोडणारे आरसीसीबी हे उपकरण अशा वेळी जीव वाचविते. परंतु त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून ते कार्यक्षम असल्याची खात्री केली पाहिजे.

यांत्रिक बाजूही दुर्लक्षून चालत नाही. पंपाच्या फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला तर नळीतील पाणी उतरते, पंप कोरडा फिरतो व त्याचे सील जळते. जनित्र नियमित चालवून पाहिले नाही, तर ऐन गरजेच्या वेळी बॅटरी उतरलेली आढळते.

दुर्लक्षाची किंमत

९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात आग लागून १० बालकांचा मृत्यू झाला. ७ बालकांना वाचविण्यात यश आले. सार्वजनिक वास्तूंच्या अग्नी व वीज सुरक्षेचा प्रश्न किती गंभीर आहे, हे या घटनेने साऱ्या महाराष्ट्राला जाणवून दिले. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये, ज्या इमारतींना तो लागू आहे त्यांच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावयाचे असते. हे प्रमाणपत्र म्हणजे केवळ फाइलीत लावण्याचा कागद नव्हे.

प्रशिक्षण आणि जबाबदारी

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये वीजतंत्री व जोडारी या व्यवसायांचे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये पुढे प्रत्यक्ष कामाचा अनुभवही घेता येतो. हे कौशल्य असलेल्या माणसाचे काम शिपायाकडून वा हौशी मुलाकडून करवून घेणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे होय. काम चालू असताना मुख्य स्विचला कुलूप व त्यावर सूचनेची पाटी असलीच पाहिजे. कितीही घाई असली तरी ही शिस्त मोडण्याचा आग्रह कोणत्याही अधिकाऱ्याने धरू नये.

मुख्याध्यापक, कार्यालयप्रमुख व पंचायत सदस्य यांनी आपल्या वास्तूसाठी एक देखभाल नोंदवही ठेवावी. अर्थिंग, मुख्य फलक, पंप, जनित्र व अग्निशामके यांच्या तपासणीची तारीख, आढळलेला दोष आणि तपासणाऱ्याची सही तीत असावी. तंत्रज्ञाने दोष लिहून दिल्यावर तो दूर करण्यासाठी लागणाऱ्या निधीची तरतूद करणे, ही मात्र त्याची नव्हे, तर वास्तूची सूत्रे हाती असणाऱ्यांची जबाबदारी आहे. नोंद होऊनही दोष तसाच राहिला, तर वहीचा उपयोग काय?