गगनचुंबी इमारती आणि वास्तुवारसा : मुंबईतील लोकमताचे स्वरूप

प्रस्तावना

कोणत्याही महानगराच्या जडणघडणीत जुने व नवे यांचा संघर्ष अटळ असतो. पॅरिसमध्ये १९७३ मध्ये पूर्ण झालेल्या सुमारे २१० मीटर उंचीच्या माँपार्नास मनोऱ्याविरुद्ध इतका लोकक्षोभ उसळला की, पुढे १९७७ मध्ये शहराच्या मध्यवर्ती भागातील इमारतींच्या उंचीवर कडक मर्यादा घालण्यात आली. लिव्हरपूल शहराच्या ऐतिहासिक बंदरभागाला २००४ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला. परंतु नव्या बांधकामांमुळे तो २०२१ मध्ये काढून घेण्यात आला. मुंबईतील प्रश्न मात्र केवळ दृश्य सौंदर्याचा नाही. येथील जुन्या वास्तूंपैकी बहुसंख्य वास्तू ही सामान्य माणसांची राहती घरे आहेत. त्यामुळे ‘जतन की पुनर्विकास’ या प्रश्नाला वास्तुशास्त्राइतकीच अर्थशास्त्राची, कायद्याची व समाजशास्त्राचीही बाजू आहे. या विषयावरील लोकमत विभागलेले का आहे, याचे स्पष्टीकरण करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वारसा संकल्पना आणि कायद्याची चौकट

मुंबईतील ऐतिहासिक वास्तुकलेचे दोन ठळक कालखंड मानता येतात. पहिला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील व्हिक्टोरियन गॉथिक शैलीचा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी रचलेले आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (बांधकाम १८७८ ते १८८८) आणि जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये पूर्ण झालेला सुमारे ८५ मीटर उंचीचा राजाबाई टॉवर ही त्याची उदाहरणे होत. दुसरा कालखंड १९३० नंतरच्या आर्ट डेको शैलीचा. ओव्हल मैदानाच्या पूर्वेस गॉथिक व पश्चिमेस आर्ट डेको अशा समोरासमोर उभ्या असलेल्या ९४ इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यासाठी स्थानिक रहिवासी संघटनांनीच दीर्घकाळ पाठपुरावा केला होता.

येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. मैदानाच्या पश्चिमेकडील काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा त्या त्या काळातील ‘आधुनिक’ वास्तू होत्या. समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर, दगडी शिल्पकामाचा त्याग करून त्या बांधण्यात आल्या. म्हणजेच आजचा वारसा हा कालचा नवेपणा होता. त्यामुळे नवीन ते सर्व त्याज्य, ही भूमिका इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. मात्र त्या नव्या इमारतींनी समोरच्या जुन्या इमारती पाडल्या नाहीत. मधले मैदान राखून त्या शेजारी उभ्या राहिल्या, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे.

कायद्याच्या दृष्टीने १९९५ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. अशी नियमावली करणारे मुंबई हे देशातील पहिले शहर होय. सहाशेहून अधिक वास्तू व परिसरांची सूची करून त्यांची तीन श्रेणींत विभागणी करण्यात आली. पहिल्या श्रेणीतील वास्तूंमध्ये अत्यावश्यक दुरुस्तीपलीकडे बदल करता येत नाही. दुसऱ्या श्रेणीत (अ व ब) मर्यादित बदलांना वाव असतो. तर तिसऱ्या श्रेणीत परिसराच्या स्वरूपाला बाधा न आणता अधिक मोठे बदल करता येतात. विकास करण्याचा हक्क गमावणाऱ्या मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची तरतूदही करण्यात आली. कागदावर ही व्यवस्था संतुलित आहे. परंतु ती मालकाच्या नुकसानीचा विचार करते. त्या इमारतीत राहणाऱ्या भाडेकरूचा विचार तिच्यात फारसा आढळत नाही.

उंच इमारतींमागील अर्थकारण

गिरगाव, भेंडीबाजार, लालबाग, परळ या भागांतील जुन्या इमारती जीर्ण होण्याचे एक प्रमुख कारण भाडेनियंत्रणात सापडते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या सुमाराच्या पातळीवर गोठवली. युद्धोत्तर टंचाईच्या काळात भाडेकरूंना संरक्षण देणे आवश्यकच होते; परंतु पुढील अर्धशतकभर हीच स्थिती चालू राहिल्याने घरमालकाला मिळणाऱ्या भाड्यात दुरुस्तीचा खर्चही भागेनासा झाला. इमारती कोसळू लागल्यावर १९६९ च्या कायद्याने विशेष उपकर बसवून दुरुस्तीची जबाबदारी शासकीय मंडळाकडे सोपविण्यात आली. अशा सुमारे साडेएकोणीस हजार ‘उपकरप्राप्त’ इमारती त्या वेळी मुंबई बेट शहरात होत्या. उपकराची रक्कमही या प्रचंड कामास पुरी पडली नाही.

यातून पुनर्विकासाचे सूत्र पुढे आले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ३३(७) अन्वये, जुन्या भाडेकरूंना विनामूल्य घरे देणाऱ्या विकासकास वाढीव चटईक्षेत्र मिळू लागले. २००९ मध्ये कलम ३३(९) अन्वये अनेक इमारतींच्या समूह पुनर्विकासास चालना मिळाली. या सूत्राचे गणित समजून घेणे आवश्यक आहे. एका लहानशा भूखंडावर शंभर कुटुंबे राहत असतील, तर त्या सर्वांना मोफत घर देण्याचा खर्च विक्रीसाठीच्या घरांतून काढावा लागतो. भूखंड वाढत नाही. म्हणून मजले वाढतात. म्हणजेच मुंबईतील अनेक मनोरे हे वास्तुरचनाकाराच्या सौंदर्यदृष्टीचे फलित नसून दुरुस्तीचा पैसा कोणी द्यायचा, या अनुत्तरित प्रश्नाचे ते उत्तर आहे.

गिरण्यांच्या जमिनीचा इतिहास याहून निराळा आहे. १९८२ च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन मध्य मुंबईत होती. १९९१ च्या नियमानुसार या जमिनीची मोकळी जागा, सार्वजनिक गृहनिर्माण व मालक अशी ढोबळमानाने तीन भागांत वाटणी अपेक्षित होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती मर्यादित केली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य ठरविली. आज लोअर परळ येथे श्रीनिवास मिलच्या जागेवर सुमारे २८० मीटर उंचीचा निवासी मनोरा उभा आहे. फिनिक्स मिलच्या आवारात उभारलेल्या व्यापारी संकुलात गिरणीची चिमणी राखण्यात आली आहे. चिमणी राहिली, परंतु तिच्या भोंग्यावर दिवस सुरू करणारा कामगार तेथून गेला. केवळ वास्तूचा अवशेष जपणे म्हणजे वारसा जपणे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.

लोकमताचे विविध प्रवाह

या विषयावरील मतभेद ‘सुशिक्षित विरुद्ध अशिक्षित’ किंवा ‘परंपरावादी विरुद्ध प्रगतिवादी’ अशा ठोकळेबाज विभागणीत बसत नाहीत. वास्तूशी व्यक्तीचा संबंध कोणता, यावर तिचे मत बव्हंशी अवलंबून असते. पुढील तीन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण दादरच्या शिवाजी पार्क परिसराचे. २०१२ मध्ये वारसा सूचीत नव्याने समाविष्ट करावयाच्या वास्तू व परिसरांची यादी प्रसिद्ध झाली आणि तीत या परिसराचा अंतर्भाव होता. मैदानाभोवतीच्या, फारसे मजले नसलेल्या इमारतींची सुसंगत रचना हे त्याचे कारण. परंतु ज्यांच्या घरांचा हा गौरव होता, त्या रहिवाशांपैकी अनेकांनीच त्यास तीव्र विरोध केला. उद्वाहन नसलेल्या इमारतीत जिने चढणाऱ्या वृद्धांना पुनर्विकासाची आशा होती. वारसा दर्जामुळे ती मावळेल, ही त्यांची भीती होती. ओव्हल मैदानाच्या रहिवाशांनी ज्या दर्जासाठी प्रयत्न केले, तोच दर्जा येथे संकट वाटला.

दुसरे उदाहरण बीडीडी चाळींचे. १९२० च्या दशकात कामगारांसाठी बांधलेल्या, तळमजला अधिक तीन मजले अशा या २०७ चाळी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे होत्या. १६० चौरस फुटांची खोली आणि सामाईक शौचालये ही तेथील वस्तुस्थिती. चाळीचे जीवन मराठी माणसाच्या स्मरणात आत्मीयतेने वसले आहे, पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ने त्याला साहित्यात अढळ स्थान दिले. परंतु चाळ सोडून गेलेल्यांची आठवण आणि चाळीत राहणाऱ्यांचा अनुभव यांत अंतर असते. २०१७ मध्ये आरंभ झालेल्या पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर देऊ करण्यात आले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळी येथील पहिल्या रहिवाशांना घरांच्या किल्ल्या मिळाल्या. स्वतःचे शौचालय असणे ही स्त्रिया व वृद्धांच्या दृष्टीने प्रतिष्ठेची बाब आहे. त्याचबरोबर सामाईक गॅलरीतून घडणारा शेजार, उघडी दारे, लहान मुलांवरील सर्वांचे लक्ष या गोष्टी मनोऱ्याच्या बंद दारांआड कशा टिकतील आणि उद्वाहने, पाणी उपसणारे पंप, सुरक्षा यांचा मासिक देखभाल खर्च कसा पेलेल, या शंकाही तितक्याच खऱ्या आहेत.

तिसरे उदाहरण गिरगावातील खोताची वाडी. लाकडी जिने, बाहेरचे व्हरांडे असलेल्या येथील बैठ्या व दुमजली घरांपैकी निम्म्याहून अधिक घरे काळाच्या ओघात नाहीशी झाली. येथे जतनाचा आग्रह बाहेरच्या अभ्यासकांइतकाच काही रहिवाशांचाही आहे. तर काही कुटुंबांना वाढत्या खर्चामुळे विक्री हाच मार्ग वाटतो. एकाच गल्लीत दोन्ही मते नांदतात.

या सर्व चर्चेवर सुरक्षिततेच्या प्रश्नाची छाया आहे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ जणांचा मृत्यू झाला. समूह पुनर्विकासात समाविष्ट असलेली ही इमारत पाडली जाण्यापूर्वीच कोसळली. जतन किंवा पुनर्विकास यांपैकी कोणताही निर्णय वर्षानुवर्षे लांबणीवर टाकणे, हा सर्वांत घातक पर्याय ठरतो, हे या दुर्घटनेने दाखविले.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, मुंबईतील लोकमताचा मतभेद जुन्या व नव्या वास्तुशैलींच्या आवडीनिवडीपेक्षा खर्चाच्या वाटणीशी अधिक निगडित आहे. वारशाचा आनंद संपूर्ण शहर घेते. परंतु गळके छप्पर, झिजलेले जिने आणि दुरुस्तीचा भार तेथे राहणाऱ्यालाच सोसावा लागतो. जेथे रहिवासी सुस्थितीत आहेत तेथे वारसा दर्जा भूषण वाटतो. जेथे ते विपन्न आहेत तेथे तोच दर्जा बेडी वाटतो. म्हणून वारसा सूची करताना तिच्यासोबत दुरुस्तीसाठी निश्चित निधी, रहिवाशांचा विचारविनिमयात सहभाग आणि ठरावीक मुदतीत निर्णय या तीन गोष्टींची जोड आवश्यक ठरते. तसेच मनोरे उभारताना केवळ घरांचे क्षेत्रफळ न मोजता मोकळी जागा, पाणी, रस्ते आणि शेजार यांचाही हिशेब मांडला गेला पाहिजे. ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंना दोन युगे एकमेकांना न पुसता उभी राहू शकली. त्यांच्या मधली मोकळी जागा कोणीतरी जाणीवपूर्वक राखली होती, हा धडा आजच्या नियोजनकारांनी व नागरिकांनी घेण्याजोगा आहे.